फाइव्ह नाइन, टू टू : कांदाचाळीतले अठ्ठेचाळीस तास

‘तुम्ही रेडिओ क्लबवाले नक्की करता तरी काय रे?’

गॅदरिंगच्या वेळी आमच्या स्टॉलवर हा प्रश्न दिवसातून पन्नासदा येतो. ‘वायरलेसवरून जगभर बोलतो,’ असं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न तयार असतो. ‘मग व्हॉट्सअ‍ॅप कशाला आहे?’ यावर दोन वाक्यांत देता येईल असं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नाही. म्हणून यंदा संपादकांच्या मागे लागून मॅगझिनची चार पानं मिळवली. हॅम रेडिओची कॉन्टेस्ट म्हणजे काय प्रकार असतो ते सांगतो, आणि तेही ऑक्टोबर २०२४ मध्ये विंचूरला आमच्या मळ्यात आम्ही जी कॉन्टेस्ट खेळलो तिच्या निमित्तानं. त्या वेळी मी एस.ई.ला होतो आणि माझ्याकडे लायसन्स नव्हतं. हे तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, पास झालं की लायसन्स आणि स्वतःचं कॉल साइन मिळतं. आपल्याकडे जनरल ग्रेडवाल्यांचं कॉल साइन साधारणपणे व्हीयू२ ने सुरू होतं आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडवाल्यांचं व्हीयू३ ने. जनरलसाठी मोर्स कोडही यावा लागतो. या रेडिओवरून गाणी लावायची नाहीत, धंदा करायचा नाही, राजकारण बोलायचं नाही. आणि लायसन्स नसलेल्यानं हेडफोन लावून ऐकलं, लॉग लिहिला तर ठीक, पण माइकचं बटन दाबायचं नाही. क्लबचं वेगळं कॉल साइन असलं तरी बोलणारा माणूस लायसन्सवालाच हवा. आमच्याकडे तेव्हा असे दोघंच होते, बी.ई.चा दादा आणि टी.ई.ची ताई. मी आणि माझा एक वर्गमित्र म्हणजे तारा ओढणारे, बांबू धरणारे आणि लॉग लिहिणारे.

आता कॉन्टेस्ट. वर्षातले बहुतेक शनिवार-रविवार जगात कुठली ना कुठली कॉन्टेस्ट चालू असते. त्यातली सगळ्यांत मोठी म्हणजे सीक्यू वर्ल्ड वाइड. १९४८ पासून चालू आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण वीकएंडला आवाजाची आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण वीकएंडला मोर्सची. सुरुवात शनिवारी शून्य तास यूटीसीला, म्हणजे आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला, आणि शेवट सोमवारी पहाटे ५.२९ ला. या ४८ तासांत जगातल्या जास्तीत जास्त स्टेशनांशी, जास्तीत जास्त देशांशी संपर्क करायचा. संपर्क म्हणजे गप्पा नव्हेत. दोघांनी एकमेकांची कॉल साइन्स बरोबर घ्यायची आणि दोन आकडे द्यायचे-घ्यायचे. पहिला आकडा सिग्नल कसा येतोय त्याचा, दुसरा तुमच्या झोनचा. जगाचे ४० झोन पाडले आहेत, भारत २२ मध्ये येतो. म्हणजे आम्ही दोन दिवस फक्त ‘फाइव्ह नाइन, टू टू’ एवढंच ओरडत असतो.

यातली गंमत अशी, की फाइव्ह नाइन म्हणजे ‘एकदम खणखणीत ऐकू येतंय’. पण कॉन्टेस्टमध्ये सगळेच सगळ्यांना फाइव्ह नाइन देतात. एखाद्याचं कॉल साइन चार वेळा विचारून घेतात आणि वर म्हणतात फाइव्ह नाइन! टर्मवर्कमध्ये अख्ख्या बॅचला २५ पैकी २३ देतात ना, तसंच हे. खरा मजकूर झोनचाच.

(जपानची ऑल एशियन नावाची कॉन्टेस्ट आहे, तिच्यात झोनऐवजी ऑपरेटरचं वय सांगायचं असतं. आम्ही १९-२० सांगतो आणि पलीकडून ७८, ८१ असे आकडे येतात. बायकांना ‘झीरो झीरो’ सांगायची मुभा आहे. ताई मात्र मुद्दाम खरं वय सांगते.)

गुणांचं गणित इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल असं आहे. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनाला ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १, आपल्याच देशाला ० (भारताच्या बाबतीत तरी असंच). या बेरजेला प्रत्येक बँडवर मिळालेले देश अधिक झोन यांनी गुणायचं. गुणायचं, मिळवायचं नाही! समजा, एकाच बँडवर शंभर जपानी मिळवले. गुण १००, देश एक, झोन एक, म्हणून १०० × २ = २००. त्याऐवजी आशियाबाहेरचे वीसच संपर्क केले, पण वीस देश आणि आठ झोन मिळाले, तर ६० × २८ = १६८०. त्यामुळे कुठल्याशा कोपऱ्यातून कण्हत येणारा एखादा मिणमिणता सिग्नल पन्नास दणदणीत सिग्नलांना भारी पडू शकतो.

हे सगळं हॉस्टेलमध्ये जमत नाही. आजूबाजूला दोनशे मोबाइल चार्जर, एलईडी ट्यूब आणि लिफ्टची मोटार. आपल्या कानाला न जाणवणारा त्यांचा विजेचा कचरा रेडिओत मात्र धबधब्यासारखा येतो. म्हणून मी म्हटलं, आमच्याकडे विंचूरला चला. निफाड तालुक्यातलं, नाशिक-संभाजीनगर रस्त्यावरचं आमचं गाव. इतिहासवाल्यांना सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांमुळे माहीत, बाकीच्यांना कांदा आणि वाइन पार्कमुळे. मळा गावाबाहेर. ऑक्टोबरअखेर म्हणजे कांदाचाळ जवळजवळ रिकामी, तिच्या शेजारच्या खोलीत आम्ही टेबल मांडलं. चार दिवसांवर दिवाळी होती, त्यामुळे खोलीत कांदा आणि तळणीच्या चकल्या असा मिश्र वास होता.

शुक्रवारी अँटेना. आमच्याकडे टॉवर नाही, फिरणारी बीम नाही. साधा डायपोल, म्हणजे मध्ये केबल जोडलेली दोन समान तुकड्यांची तार. तिची लांबी मीटरमध्ये साधारण १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ. १४.२ मेगाहर्ट्झला दहा मीटर, म्हणजे एकेक हात पाच मीटरचा. डायपोल तारेच्या दोन्ही बाजूंना जोरात बोलतो आणि टोकांच्या दिशेला पुटपुटतो. विंचूरहून युरोप वायव्येला आणि ऑस्ट्रेलिया आग्नेयेला. मग तार ईशान्य-नैर्ऋत्य बांधली की दोघांकडेही तोंड होतं. पण जपान नेमका ईशान्येला, म्हणजे टोकाला! दोन्ही बाजू साधायच्या तर दोन अँटेना हव्यात. आमच्याकडे जपानसाठी वेगळा बांबू नव्हता. दादा म्हणाला, जपानचा एकच गुण आहे, राहू दे.

पहिली चूक मी केली. सगळ्यांत मोकळी जागा म्हणून द्राक्षबागेच्या कडेला बांबू रोवला आणि तार बागेवरून नेली. मीटर लावला तर एसडब्ल्यूआर तीनच्या वर. एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेल्यातली किती शक्ती परत येतेय त्याचा अंदाज. एक आला तर उत्तम, तीन म्हणजे रिग कुरकुरणार. तारा कापल्या, वाढवल्या, काही फरक नाही. मग ताईनं खाली बोट दाखवलं. द्राक्षाचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि त्यावर ताणलेल्या जस्ताच्या तारा, एकरभर! आमची अँटेना त्या जाळ्याशी हातमिळवणी करून बसली होती. सगळं उपटून खळ्याच्या बाजूला नेलं. तीस फुटी बांबूवर मध्य आणि दोन्ही टोकं उतरती बांधली, तेव्हा मीटर दीडच्या खाली आला. थिअरीच्या पेपरात ‘अँटेनाजवळील धातूचा परिणाम’ हा चार मार्कांचा प्रश्न आम्ही ऑप्शनला टाकत असू.

शनिवारी साडेपाचला सुरुवात झाली आणि मला पहिल्यांदा कळलं की हे ऐकण्याचं काम आहे. बँडवर एकाच वेळी शेकडो लोक बोलत असतात, एकाच्या आवाजाची कड दुसऱ्यावर चढलेली. आमच्याकडे शंभर वॉट. युरोपातल्या मोठ्या स्टेशनांच्या मानानं किरकोळच. तरी ते वर्ष चांगलं होतं. सूर्याचं डागांचं चक्र अकराएक वर्षांचं असतं आणि २०२४ मध्ये ते शिखरावर होतं. वरच्या आयनोस्फिअरमध्ये इलेक्ट्रॉन भरपूर, त्यामुळे २१ आणि २८ मेगाहर्ट्झचे बँड दिवसभर उघडे. सकाळी जपान, ऑस्ट्रेलिया. दुपारनंतर युरोप असा कोसळला की दादाला पाणी प्यायला वेळ नाही. संध्याकाळी साडेसातला चक्क अमेरिकेचा पूर्व किनारा. अंधार पडून थोडा वेळ गेला आणि वरचे बँड ओस पडायला लागले, तसे आम्ही खाली ७ मेगाहर्ट्झवर आलो. खालच्या बँडला दिवसा आयनोस्फिअरचा सगळ्यांत खालचा थर गिळून टाकतो. सूर्य गेला की तो थर विरतो आणि लांबचे सिग्नल यायला लागतात.

यायला हवे होते. आला तो ‘घर्रर्र’ असा सलग आवाज. त्यात कुणाचा बापही ऐकू येईना.

असा आवाज शोधायची सोपी युक्ती आहे. साधा एएम ट्रान्झिस्टर घ्यायचा, स्टेशन नसलेल्या जागी लावायचा आणि अंधारात चालायला लागायचं. जिकडे घर्रर्र वाढेल तिकडे जायचं. आम्ही चालत चालत आमच्याच विहिरीवर पोचलो. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्रीची होती, मोटार चालू होती आणि स्टार्टरच्या पेटीत कुठेतरी बारीक ठिणगी उडत होती. काका रांगड्या कांद्याच्या वाफ्यांना पाणी भरत होते.

‘काका, जरा मोटार बंद करता का? जगाचा आवाज येईना.’

काकांनी बॅटरी माझ्या तोंडावर मारली. ‘आन् कांद्याला पाणी काय जग घालनार का? दोन वाजेस्तोवर भरू दे. मग करतो बंद.’

बरोबर होतं त्यांचं. लाइटीची वेळ त्यांच्या हातात नव्हती. आम्ही दोन वाजेपर्यंत झोपायचं ठरवलं. काकांनी दोनला मोटार बंद केली, मला हाक मारली आणि ते झोपायला गेले. दादा आणि ताई एकोणीस तास बोलून इतके मेले होते, की मी म्हटलं, अर्धा-पाऊण तास झोपू दे त्यांना, तोवर मी ऐकून यादी करून ठेवतो.

मित्रांनो, त्या रात्रीचा बँड मी विसरणार नाही. घर्रर्र गेलेलं. मळ्यात रातकिडे आणि हेडफोनमध्ये अख्खी अंधारी पृथ्वी. इटली, आफ्रिकेतलं कुणीतरी, मग ब्राझील. साधारण साडेतीनला, दोन मोठ्या स्टेशनांच्या फटीत, एक माणूस हळू आवाजात हाक मारत होता. कॉल साइनची सुरुवात ‘चार्ली एक्स-रे’. उरुग्वे! तिकडे त्या वेळी सूर्य मावळत असतो, आपल्याकडे उजाडायला अजून वेळ असतो, त्यामुळे हा रस्ता थोडा वेळच उघडतो. उरुग्वे म्हणजे आम्हाला नवा देश, झोन १३ म्हणजे नवा झोन. एका संपर्कात दोन गुणक. तो ‘सीक्यू कॉन्टेस्ट’ म्हणत होता आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. दोनदा. तीनदा. माइक माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. क्लबचं कॉल साइन मला झोपेतही पाठ होतं. चार शब्द बोलायचे होते. विंचूरच्या मळ्यात पहाटे साडेतीनला बोलणारा दादा होता की मी, हे उरुग्वेला कसं कळणार?

मी उठून पळत गेलो. दादाला हलवलं, ताईला हलवलं. ताई धडपडत येऊन बसली तोवर त्या जागेवर एक दणदणीत युरोपियन येऊन बसला होता. वीस मिनिटं शोधलं. उरुग्वे गेला तो गेला.

ताई काही बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, ‘उठवायला उशीर केलास, ती चूक. बटन दाबलं नाहीस, ते बरोबर.’ त्या वेळी मला अजिबात बरं वाटलं नाही.

रविवारी दुपारी आजी चकल्यांचं ताट घेऊन खोलीत आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘एवढं वरडता, त्यो मानूस येनार हाय का जेवाया? बक्षीस काय मिळतं?’ मी म्हटलं, सर्टिफिकेट. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, तेच तुमच्याही चेहऱ्यावर उमटलं असणार.

दादानं तिला अंदमानची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओची एक तुकडी भारती प्रसाद यांच्या पुढाकारानं पोर्ट ब्लेअरला गेली होती. गेली होती ती अशाच हौसेसाठी. अंदमानहून हॅम स्टेशन लागणं तेव्हा फार दुर्मीळ, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांना हाका मारत होते आणि ते दिवस-रात्र त्या गोंगाटातून एकेक कॉल साइन वेचत होते. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले. यांच्याकडे रेडिओ होता, अँटेना उभी होती आणि गोंगाटातून नाव नि आकडा अचूक टिपायची सवय होती. त्याच स्टेशनवरून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. आजीनं विचारलं, ‘निरोप चुकला नाय ना?’ सगळ्या गोष्टीतला नेमका तोच प्रश्न.

कारण चुकण्याचंच सांगायचं राहिलंय. कॉन्टेस्टनंतर पाच दिवसांच्या आत लॉग पाठवायचा. सगळ्या जगाचे लॉग आले की कॉम्प्युटर प्रत्येक नोंद पलीकडच्या माणसाच्या नोंदीशी ताडून बघतो. कॉल साइन चुकलं असेल तर ती नोंद जातेच, वर दंडाचे गुण कापले जातात. मोघम लिहिलेलं चालत नाही. आणि आणखी एक नियम असा, की वेळ संपल्यावर इंटरनेट, रेकॉर्डिंग, ईमेल वगैरे कशाच्याही मदतीनं लॉगमधली कॉल साइन्स दुरुस्त करायची नाहीत.

सोमवारी ५.२९ ला आमचे ४१८ संपर्क झाले होते. त्या दिवशी वसुबारस. बाहेर गाईची धार काढणं चालू होतं आणि आत आम्ही चौघं लॅपटॉपभोवती. पंधरा-वीस नोंदी मला संशयास्पद वाटत होत्या, कारण त्या मीच टाइप केल्या होत्या. लॉगिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीच्या कॉल साइन्सची यादी असते. तुम्ही तीन अक्षरं टाइप केलीत की ते पुढची सुचवतं. धांदलीत मी काही वेळा ऐकलेलं न लिहिता सुचवलेलं उचललं होतं. जर्नल उतरवायची सवय, दुसरं काय! माझा वर्गमित्र म्हणाला, ‘नेटवर शोधू या की, दहा मिनिटांचं काम आहे.’ कुणालाही कळलं नसतं. दादानं लॅपटॉप बंद केला. ‘जे ऐकलं ते लिहिलं, जे लिहिलं ते पाठवायचं.’ संध्याकाळी घरी गाय-वासराची पूजा झाल्यावर लॉग जसाच्या तसा पाठवला. आमच्या हिशेबानं १०१० गुण, २१० गुणक, एकूण २,१२,१००.

पुढच्या वर्षी तपासणीचा अहवाल आला. ४१८ पैकी १७ नोंदी गेल्या, म्हणजे साधारण चार टक्के. त्यातल्या नऊ ठिकाणी मी यादीतलं उचललं होतं. लाल रंगात एका बाजूला मी लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला तो माणूस खरं कोण होता ते. इतका प्रामाणिक पेपर मला आजवर परत मिळालेला नाही. ती शीट आता क्लबच्या खोलीत भिंतीवर आहे. लॉगर म्हणून बसणाऱ्या नव्या मुलाला आम्ही आधी ती दाखवतो आणि सॉफ्टवेअरमधली यादी बंद करून देतो.

दादा २०२५ च्या मे महिन्यात पास आउट झाला. ताई यंदा बाहेर पडेल. क्लबची खोली, रिग, बांबू सगळं राहील, पण बटन दाबायला लायसन्सवालं कुणी नसेल तर ती नुसती अडगळ. मी आणि वर्गमित्र दोघंही परीक्षेला बसलो. रेडिओ थिअरी अवघड नाही, आपल्या एस.ई.च्या सिलॅबसहून सोपी आहे. नियमांचा भाग पाठ करावा लागतो. दोघंही रिस्ट्रिक्टेड ग्रेड पास झालो, पण ऑक्टोबरपर्यंत कॉल साइन हातात आलं ते फक्त माझं. फर्स्ट इयरच्या मुलांनो, हे वाचत असाल तर मधल्या सुट्टीत क्लबच्या खोलीवर या. मागचे पेपर आमच्याकडे आहेत.

ऑक्टोबर २०२५ ची कॉन्टेस्ट भाऊबीज उरकून लगेच दोन दिवसांनी आली. पुन्हा विंचूर, पुन्हा चाळीशेजारची खोली. या वेळी आभाळ भरलेलं होतं. छाटणी झालेल्या बागेवर पाऊस म्हणजे काय ते काकांना विचारा, आम्ही विचारायचं धाडस केलं नाही. वीज चमकायला लागली की अँटेनाची केबल काढून खिडकीबाहेर टाकायची हा नियम, त्यामुळे शनिवारच्या रात्री आमचे दीड तास असेच गेले. तीन वाजता गडगडाट लांब गेला आणि केबल परत जोडली. मोटार बंदच होती. वाफे पावसानंच भरले होते.

साडेतीनला मी माइकसमोर होतो आणि ताई लॉगला. उरुग्वे कुठेच नव्हता. फाटक्या कापडासारख्या खरखरीत एक ब्राझीलवाला सापडला. पहिल्यांदा त्याला माझं काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा फक्त ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ कळलं. तिसऱ्यांदा त्यानं पूर्ण कॉल साइन परत म्हटलं आणि आकडे दिले. ताईनं टाइप करायच्या आधी माझ्याकडे बघितलं, ‘अकराच ना? नक्की?’ मी नक्की नव्हतो. ब्राझीलचा झोन अकरा असतो हे मला माहीत होतं, पण मी तो ऐकला होता का? पुन्हा बटन दाबलं, ‘युअर झोन अगेन?’ पलीकडून सावकाश आलं, ‘वन वन, वन वन.’ मग मी म्हटलं, ‘थँक यू, फाइव्ह नाइन, टू टू.’

आवाजानं आजी उठली होती. दारात येऊन म्हणाली, ‘आला का रं तुझा उरुग्वेवाला?’

‘नाही आजी. ब्राझीलवाला आला.’

‘बरं मंग, चहा टाकते,’ म्हणाली.